नळाआधी निरोप

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात कॅमलफर्ड नावाचे छोटे गाव आहे. या गावाला आणि आसपासच्या वस्त्यांना लोअरमूर जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळे. ६ जुलै १९८८ रोजी एक बदली टँकरचालक तिथे माल घेऊन आला. टँकरमध्ये २० टन ॲल्युमिनियम सल्फेट होते, म्हणजे आपल्या तुरटीच्या घराण्यातलेच द्रव्य. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवायला ते जगभर वापरतात. केंद्रावर त्या वेळी कोणी नव्हते. चालकाला दिलेली किल्ली तिथल्या एकापेक्षा अधिक कुलपांना चालत होती. त्याने एक झाकण उघडले, माल ओतला आणि तो निघून गेला. टाकी चुकली होती. ते द्रावण थेट शुद्ध होऊन घरोघर निघालेल्या पाण्यात पडले.

सुमारे २० हजार लोक त्या पाण्यावर अवलंबून होते. त्याच संध्याकाळपासून तक्रारी सुरू झाल्या. पाणी इतके आम्लधर्मी झाले की ते घरातल्या नळांचे तांबे झिजवून सोबत आणू लागले. चहात दूध घातले की फाटे. लोकांना उलट्या, जुलाब, तोंडात फोड असे त्रास सुरू झाले. काहींच्या केसांवर हिरवट छटा आली. वाहिन्या धुऊन ते पाणी नद्यांत सोडल्यावर कॅमल आणि ॲलन या नद्यांमधले हजारो मासे मेले.

पाणी मंडळाला काय झाले याचा संशय दोन दिवसांत आला होता आणि आठवडाभरात खात्रीही झाली होती. तरीही फोन करणाऱ्याला उत्तर मिळे की पाणी पिण्यास सुरक्षित आहे. आंबटपणा लिंबाच्या रसाहून जास्त नाही, असाही दिलासा दिला गेला. चव नकोशी वाटत असेल तर संत्र्याचा रस मिसळा, असा सल्लाही काहींना मिळाला. नेमकी चूक काय झाली हे लोकांनी पहिल्यांदा वाचले ते २२ जुलैला, एका प्रादेशिक दैनिकाच्या क्रीडा पानावरच्या सूचनेत. मधले सोळा दिवस गावाने तेच पाणी प्यायले होते, त्यात स्वयंपाक केला होता, बाळांच्या बाटल्या भरल्या होत्या.

१९९१ मध्ये न्यायालयाने मंडळाला १० हजार पौंड दंड आणि २५ हजार पौंड खर्च भरायला लावला. सरकारने माफी मागायला २०१३ उजाडले. त्याच वर्षी एका तज्ज्ञ समितीने अहवाल दिला की या पाण्याने दीर्घकालीन अपाय झाला असण्याची शक्यता कमी आहे. गावातल्या अनेकांनी तो मानला नाही. शास्त्रज्ञांचे म्हणणे बरोबर असेलही, पण पहिल्या सोळा दिवसांत जे बोलले गेले आणि जे बोलले गेले नाही, त्यानंतर ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य त्या गावात कोणाच्याच तोंडी खरे वाटण्याजोगे उरले नव्हते.

पाणीपुरवठ्याची पुस्तके धरण, गाळणी, पंप, जलकुंभ, व्हॉल्व्ह अशा क्रमाने नळापर्यंत पोहोचतात आणि तिथे संपतात. या साखळीत एक कडी नेहमी राहून जाते, ती म्हणजे निरोपाची. नळाला जे येते ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिशाला रंग नाही, जंतूंना वास नाही. त्यामुळे पिणाऱ्याला पाण्याबरोबर यंत्रणेचा शब्दही प्यावा लागतो, आणि तो शब्द खोटा किंवा उशिरा निघाला तर उत्तम चालणारे शुद्धीकरण केंद्रही अपुरे पडते. हा शब्द पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक कामाइतकाच मोजून, तपासून द्यायचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

मग तो दडपला का जातो? बहुतेक वेळा कारण एकच दिले जाते, ‘लोक घाबरतील’. कॅनडातल्या वॉकरटनची गोष्ट या कारणाला उत्तर देते.

वॉकरटन हे ओंटारिओ प्रांतातले सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू पाण्याबरोबर गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसे पडत नव्हते. नोंदवहीत मात्र ठरावीक आकडे भरले जात होते. १७ मे रोजी नमुने दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पाणी विभागाच्या व्यवस्थापकाकडे फॅक्सने आला. त्याने तो कोणाला सांगितला नाही. रक्ती जुलाबाची मुले दवाखान्यात येऊ लागली तेव्हा १९ मे रोजी आरोग्य विभागाने फोन करून विचारले. पाणी ठीक आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. शेवटी २१ मे रोजी आरोग्य विभागाने स्वतःच्या जबाबदारीवर ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना काढली. गावातली ७ माणसे दगावली आणि सुमारे २३०० आजारी पडली.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने नंतर तपशीलवार हिशेब मांडला. सूचना दोन दिवस आधी, १९ मे रोजी निघाली असती, तर ३०० ते ४०० माणसे आजारी पडली नसती, हा त्यातला एक निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. आरोग्य विभागाने २१ तारखेला सूचना काढली, पण ती मुख्यतः रेडिओवरून गेली. तो सलग सुट्ट्यांमधला रविवार होता. गावातल्या जवळपास निम्म्याच लोकांना त्या दिवशी ती कळली. उरलेल्यांनी नेहमीप्रमाणे नळ सोडला आणि पाणी प्यायले. पाच हजारांच्या गावात दारोदार जाऊन निरोप देणे अशक्य नव्हते. सूचना काढली म्हणजे काम झाले, असे कार्यालयाला वाटते. तिची कसोटी लागते ती घराच्या ओट्यापाशी, जिथे कोणीतरी कळशी भरत असते.

अशा प्रसंगांसाठी काही देशांनी निरोपाचेही नियम घालून दिले आहेत. अमेरिकेत पाण्यामुळे तातडीचा धोका संभवत असेल तर पाणीपुरवठादाराने २४ तासांच्या आत ग्राहकांना कळवले पाहिजे, असा कायदा आहे. त्या निरोपात काय असावे हेही ठरलेले आहे. काय झाले, कधी झाले, कोणाला जास्त धोका आहे, लोकांनी काय करावे, यंत्रणा काय करते आहे, सारे पूर्ववत कधी होईल आणि चौकशी कुठे करायची. त्यात आणखी एक छोटीशी अट आहे जी मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. ज्यांना हा निरोप थेट मिळाला नसेल त्यांना तो कळवा, अशी विनंती सूचनेत लिहावी लागते. पाण्याचे बिल घरमालकाच्या नावावर येते आणि पाणी भाडेकरू पितो. वसतिगृहातली मुले, रुग्णालयातले रुग्ण, शाळेतले विद्यार्थी यांच्या नावावर तर कुठलेच बिल नसते. बिलाच्या पत्त्यावर पाठवलेला निरोप या सगळ्यांना चुकवून जातो.

‘उकळा’ या एका शब्दावरही थोडे थांबायला हवे. आपल्याकडे पाण्याबद्दल कसलीही शंका आली की पाणी उकळण्याचा सल्ला ठरलेला असतो. जंतूंसाठी तो योग्यच आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर मिनिटभर तसेच उकळत ठेवले की जंतू मरतात. पण पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर उकळल्याने वाफ निघून जाते, नायट्रेट तेवढेच उरते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. बाटलीच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला अशा पाण्याने ‘ब्लू बेबी’ हा विकार होऊ शकतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. आपल्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. खतांचा मारा असलेल्या भागांत, महाराष्ट्रातल्या अनेक विहिरींमध्येही, हे प्रमाण ओलांडलेले आढळते. तिथे ‘पाणी उकळून प्या’ हा नेहमीचा निरोप नुकसान करू शकतो. म्हणूनच कारण न सांगता केलेली सूचना अपुरी असते. पाण्यात नेमके काय सापडले, हे कळल्याशिवाय आई योग्य निर्णय घेऊ शकत नाही.

अमेरिकेत नियम होते म्हणून सगळे नीट झाले, असेही नाही. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी वापरायला सुरुवात केली आणि वाहिन्या गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांचे शिसे पाण्यात उतरू लागले. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी यंत्रांचे भाग गंजवते म्हणून घेणे थांबवले. त्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी मात्र तेच पाणी येत राहिले, आणि ते सुरक्षित असल्याचे त्यांना सांगितले जात राहिले. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले, तेव्हा सरकारी बाजूने आधी त्यांच्यावरच शंका घेतली. पुढच्या महिन्यात शहर पुन्हा जुन्या स्रोताकडे वळले. तक्रार ही फुकट मिळालेली मोजणी असते. नळाच्या पाण्याचा रंग बदलला हे प्रयोगशाळेआधी भांडी घासणाऱ्याला कळते, आणि ज्या यंत्रणेच्या बोलण्यात ऐकण्याला जागा नाही तिला हे फार उशिरा समजते.

दुष्काळातला निरोप वेगळ्या जातीचा असतो. तिथे लोकांकडून काहीतरी मागायचे असते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये सलग तीन वर्षे पाऊस कमी झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये महापालिकेने नळ बंद होण्याचा दिवस जाहीर केला. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरगुती पुरवठा बंद होणार होता. मग सुमारे २०० केंद्रांवर रांग लावून प्रत्येकाने दिवसाला २५ लिटर पाणी न्यायचे होते. या दिवसाला ‘डे झीरो’ म्हटले गेले आणि एप्रिलमधली तारीखही सांगितली गेली. १ फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा आली. साठ्याचे आणि वापराचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होत. कोणते घर मर्यादेत आहे हे दाखवणारा नकाशाही पालिकेने खुला केला.

शहराचा वापर २०१५ च्या तुलनेत निम्म्याहून खाली आला, तारीख पुढे पुढे सरकत गेली, जूनमध्ये पाऊस आला आणि तो दिवस उगवला नाही. वाहिन्यांतला दाब कमी करणे, शेतकऱ्यांनी आपल्या साठ्यातून पाणी सोडणे, यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण सतत समोर दिसणाऱ्या आकड्यांनी लाखो घरांची सवय बदलली, हे नाकारता येत नाही. या मोहिमेबद्दल माझा एक आक्षेप मात्र आहे. शहराच्या झोपडवस्त्यांमध्ये लोक वर्षानुवर्षे सार्वजनिक नळांवर रांगेत उभे राहून बादल्या भरत होते. ज्या दिवसाची भीती बंगल्यांना घातली जात होती, तो त्यांच्यासाठी रोजचाच दिवस होता, आणि त्यांना सांगण्यासारखे त्या मोहिमेत फारसे काही नव्हते. शिवाय भीती घालून काम एकदा होते. दर उन्हाळ्यात तीच तारीख दाखवली तर लोक मान वळवतात.

सगळ्यात अवघड निरोप सांडपाण्याचा. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या साठ्यात मिसळता येते, तंत्र पक्के आहे, पण मन तयार होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात दुष्काळाने धरणे आटत होती. पालिकेने अशी योजना मांडली आणि लोकांना ती समजावून सांगण्याचा दीर्घ कार्यक्रमही आखला. पण निधीसाठी सार्वमताची अट आली, विरोधकांनी किळस आणि भीती यांवर बोट ठेवून प्रचार केला, आणि २९ जुलै २००६ रोजी सुमारे ६२ टक्के मतदारांनी योजना फेटाळली. पालिकेचे शास्त्र चुकलेले नव्हते. लोकांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा निर्णय झालेला आहे असे त्यांना वाटले, आणि त्यानंतरचे प्रत्येक स्पष्टीकरण समर्थनासारखे ऐकू आले.

सिंगापूरने हेच काम आधीपासून आणि उघड्यावर केले. तिथे या पाण्याला ‘न्यूवॉटर’ म्हणतात. मोठे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी पत्रकारांना परदेशातले असे प्रकल्प दाखवून आणले. ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात हजारो नागरिकांनी आणि मंत्र्यांनी मिळून त्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या. २००३ मध्ये अभ्यागत केंद्र उघडले आणि शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. काचेपलीकडे गाळण्या चालताना मुलांनी स्वतः पाहिल्या. सिंगापूरची राज्यव्यवस्था वेगळी आहे, तिथे विरोधाला वाव कमी होता, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी लोकांना यंत्रणेच्या आत नेले.

मैल्याच्या वाहिन्या जमिनीखाली असल्याने त्यांच्याबद्दल बोलायला कोणाला सवड नसते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गठ्ठा सापडला. तो फोडून काढायला कामगारांना आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात ठेवला गेला आणि लोक तो पाहायला आले. ‘गटारात तेल ओतू नका’ असे वर्षानुवर्षे छापून जे साधले नव्हते, ते त्या एका तुकड्याने बरेच साधले. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. साचलेले पाणी उतरावे म्हणून लोक झाकणे उघडतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. झाकण उघडू नका, एवढे सांगून ते थांबत नाही. कोणता नंबर फिरवला की किती वेळात माणूस येईल, हे सांगितले आणि तो माणूस खरोखर आला, तरच झाकण जागेवर राहते.

आता आपल्या नळाकडे येऊ. मुंबईत एक निरोप फार चांगला चालतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचा साठा रोज प्रसिद्ध होतो आणि जून-जुलैत लोकलमध्ये उभा असलेला माणूसही तो टक्का सांगू शकतो. कपातीची घोषणा झाली की तिचे कारण लोकांना आधीच माहीत असते, म्हणून ती सोसली जाते. पण तलावात किती पाणी आहे हे कळते, आपल्या नळातले कसे आहे हे नाही.

बाकी राज्यात पाण्याची सूचना म्हटले की एक ठरलेला मजकूर डोळ्यांसमोर येतो. तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद राहील, दुसऱ्या दिवशी उशिरा व कमी दाबाने होईल, नागरिकांनी काटकसर करावी व सहकार्य करावे. कोणते तांत्रिक कारण, कोणत्या गल्ल्या, किती वाजता, टँकर कुठे मिळेल, यांपैकी बरेचसे त्यात नसते. आणि सर्वांत गरजेची गोष्ट तर क्वचितच असते. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, दाब उतरतो आणि गळतीच्या जागांतून आजूबाजूचे पाणी आत खेचले जाते. जलवाहिनी आणि मलवाहिनी शेजारून गेलेल्या असतील तर काय आत येते ते सांगायला नको. म्हणून पाणी पुन्हा आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्या-पुसण्याला वापरा, हे वाक्य प्रत्येक दुरुस्तीच्या सूचनेत हवे.

पाणी कधी येणार, हा आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रश्न. हुबळी-धारवाडमध्ये ‘नेक्स्टड्रॉप’ या कंपनीने २०११ च्या सुमारास त्यावर एक उपाय केला. व्हॉल्व्हमनने चावी फिरवण्याच्या वेळी फोनवरून कळवायचे आणि त्या भागातल्या घरांना थोडे आधी मोबाइलवर संदेश जायचा. पुढे बंगळुरूमध्ये हीच सेवा संशोधकांनी तपासली, तेव्हा घरांच्या वाट पाहण्याच्या वेळात म्हणावा तसा फरक दिसला नाही. सगळी मदार व्हॉल्व्हमनवर होती, आणि त्याच्याकडून निरोप वेळेवर निघेलच याची खात्री नव्हती. मला यातून व्हॉल्व्हमनला दोष द्यावासा वाटत नाही. पाणी विभागाचा लोकांना रोज दिसणारा चेहरा तोच असतो, शिव्या तोच खातो आणि कुठली वाहिनी कुठे झिजली हेही त्यालाच माहीत असते. निरोपाचे काम त्याच्या कामात धरले, त्याचा मोबदला आणि मान त्याला दिला, तर उत्तम यंत्रणा आधीच गल्लीत उभी आहे.

ग्रामीण महाराष्ट्राकडे मात्र एक साधन असे आहे ज्याचा शहरांनीही अभ्यास करावा. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांचे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून पंचायतीला कार्ड मिळते. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे राखणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा निरोप कळतो. गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करतो. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. ही चाचणी क्षणात होते, चारचौघांत करता येते आणि तिचे उत्तर कोणालाही दिसते. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे, तीही याच वाटेने जाणारी.

अडचण एवढीच की ते कार्ड बहुतेक वेळा पंचायतीच्या फायलीत राहते आणि ओटी टेस्टची नोंद वहीत. कार्ड चावडीवर लावावे, शाळेच्या फळ्यावर रोजची ओटी लिहावी, याला पैसे लागत नाहीत. तुमच्या गावाला या वर्षी कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. शहरात राहत असाल तर आपल्या प्रभागातल्या पाण्याच्या नमुन्यांचे निकाल मागा, आणि मिळाले की सोसायटीच्या सूचनाफलकावर लावा.